दोनदा पुकारलेलं नाव

लग्नसराईत आमचं घर एकदम मोठं व्हायचं. भोंगे, मशीन, वायरींची भेंडोळी, माईकचे दांडे, सगळं कुठल्या ना कुठल्या गावच्या मांडवात गेलेलं असायचं आणि आम्हाला पाय पसरून झोपायला जागा मिळायची. पावसाळा लागला की तो सगळा पसारा परत घरात यायचा. मग दोन खोल्यांच्या त्या घरात आम्ही भोंग्यांमधून वाट काढत फिरायचो. माय एका भोंग्यात कांदे भरून ठेवायची, दुसऱ्यात लसूण. आबा चिडायचे. "अगं, उद्या त्यातून नवरदेवाचं नाव निघायचंय. कांद्याचा वास यील त्याला." माय चुलीसमोरून म्हणायची, "येऊ द्या की. वऱ्हाडाला भूक तरी चांगली लागल." औसा तालुक्यातलं आमचं गाव तसं लहान, पण आबांचा आवाज आजूबाजूच्या कितीतरी गावांत पोचलेला होता. मशीनच्या लाकडी पेटीवर त्यांनी स्वतःच्या हातानं पांढऱ्या रंगात ‘किसन साउंड सर्व्हिस’ असं लिहिलं होतं. शेवटचं अक्षर जागा न उरल्यामुळं वाकडं होऊन खाली उतरलं होतं आणि ते तसंच राहिलं.

माझी सकाळ राळेच्या वासानं उजाडायची. आबा उंबऱ्यात बसून तुटलेल्या वायरींना डाग देत असायचे आणि प्रत्येक डागानंतर माईक तोंडाशी धरून "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" म्हणायचे. आतून माय ओरडायची, "ऐकू यायलंय, ऐकू यायलंय! सगळ्या वस्तीला ऐकू यायलंय!" लग्नाहून ते परतायचे तेव्हा एका हातात माईकची पेटी आणि दुसऱ्या हातात किटली असायची. किटलीत मांडवातली येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी. ती आमटी गरम करून तिच्यात भाकरी कुस्करून खाल्ली की पोट तर भरायचंच, पण कुणाच्या लग्नात काय झालं हेही त्याच घासांबरोबर कळायचं. आजही कुठं येसराचा वास आला की मला आधी आबांचा बसलेला घसा आठवतो, आमटी नंतर.

आमच्या भागात लग्न लागलं की आहेर पुकारतात. पाहुणा येऊन पुकारणाऱ्याच्या कानाशी लागतो, पुकारणारा माईकवर सांगतो, "अमुक गावचे अमुक यांच्याकडून नवरीला एकशे एक रुपये, आभारी आहे!" ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय मोठं. पण ती कला आहे आणि आबा तिच्यात उस्ताद होते. ते प्रत्येक नाव दोनदा घ्यायचे. एकदा पुढं बसलेल्यांसाठी, एकदा मागं जेवणाच्या पंक्तीत असलेल्यांसाठी. "माणूस एवढ्या लांबून देयाला आलाय, मागच्याला ऐकू गेलं न्हाई तर त्यानं दिलं काय अन् न्हाई दिलं काय," असं ते म्हणायचे. त्यांचा घसा बसला की मी पुकारायची. शाळेत असल्यापासून पुकारायची. माझ्या बारीक, चढ्या आवाजाला आबा ‘ट्रेबल’ म्हणायचे आणि मला तो मोठा मान वाटायचा.

या कामाचा एक कायदा होता, तो कुठं लिहिलेला नव्हता. एकदा नाव पुकारलं की ते मागं घेता येत नाही. देणाऱ्यानं दिलं नाही, तर पुकारणाऱ्यानं पदरचं भरायचं. एका लग्नात नवरीच्या मामानं कानात मोठा आकडा सांगितला, पुकार झाली, टाळ्या झाल्या आणि मामा जे गेले ते थेट औशाची बस गाठायला. त्या दिवशी आबांची मजुरी मामाच्या नावानं आहेरात गेली. मायनं दोन दिवस त्यांच्याशी धड बोलणं ठेवलं नाही. पण याच कायद्याची दुसरी बाजूही आबांना पक्की माहीत होती. एखादा पाहुणा खिशाशी हात नेऊन घुटमळत असला की ते आधीच त्याचं नाव पुकारून मोकळे व्हायचे. नाव झालं की हात आपोआप खिशात जायचा. आधी पुकार, मग पैसा. हा उलटा व्यवहार त्यांनी किती मांडवांत केला असेल कोण जाणे.

बारावीनंतर मला नांदेडला एका खासगी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश मिळाला. दुसरं काही शिकण्याचा विचारही माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. भोंग्यांमध्ये वाढलेल्या पोरीनं दुसरं काय शिकायचं? अर्धी फी आबांनी दोन मोसमांच्या कमाईतून भरली. उरलेली शिष्यवृत्तीतून जाणार होती. शिष्यवृत्ती आमच्या हक्काची होती आणि ती येणार हेही नक्की होतं, पण ती यायची तिच्या सवडीनं. हॉस्टेलवर माझ्या खोलीत किनवटकडची एक मुलगी होती, तिचीही तीच गत. आम्ही दोघी रोज सकाळी मेसमधला चुरमुऱ्यांचा सुशीला खात एकमेकींना विचारायचो, "आली का तुझी?" पण वर्ष संपत आलं तरी तिची आली नाही, माझीही आली नाही. मग कार्यालयातल्या बाईंनी सरळ सांगितलं. बाई वाईट नव्हत्या, त्यांना वरून जे सांगितलेलं ते त्या सांगत होत्या. "बाकी भरल्याशिवाय हॉल तिकीट मिळणार नाही. स्कॉलरशिप आली की तुझे पैसे तुला परत." परीक्षा मे महिन्यात होती. हॉल तिकीट नाही म्हणजे परीक्षा नाही आणि परीक्षा नाही म्हणजे पुढचं वर्ष घरी, कांद्याच्या भोंग्याशेजारी.

मी आणि आबा औशाला बँकेत गेलो. शैक्षणिक कर्ज मिळतं एवढं आम्हाला माहीत होतं. मॅनेजर साहेब सोलापूरकडचे, नीटनेटके, आमच्यासमोर फाईल सरळ लावून ठेवणारे. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पुढच्या तीन वर्षांचं कर्ज बँक देईल, पण या वर्षाची बाकी आधी घरून भरून पावती दाखवा. आणि जामीनदार आणा, पगारवाला किंवा पेन्शनवाला. आबांनी विचारलं, "साहेब, मी जामीन ऱ्हायलो तर?" साहेब म्हणाले, "तुम्ही तर सहकर्जदार आहात. स्वतःलाच स्वतःचा जामीन कसा राहता येईल?" आबांना ते पटलं नाही. वस्तीत पेन्शनवाले एकच होते, आमचे गुरुजी. ते जयंती मंडळाचे अध्यक्षही होते. मात्र पुतण्याच्या कर्जाला जामीन राहून त्यांचे हात एकदा पोळले होते आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, त्यांना पुन्हा कुठं सही केली तर घरात घेणार नाही असं बजावलं होतं. आबांनी विषय काढला की गुरुजी हवापाण्याचं बोलायला लागायचे.

त्याच सुमाराला विहारात जयंतीची बैठक बसली. माझा चुलतभाऊ बबलू त्या वर्षी पोरांचा पुढारी झाला होता. त्यानं लातूरहून डीजे आणायचं ठरवूनच टाकलं होतं आणि त्यासाठी घराघरातून पट्टीही गोळा झाली होती. म्हणजे आमच्याच वस्तीच्या जयंतीत पहिल्यांदाच आबांचे भोंगे लागणार नव्हते. आबा दाराजवळ बसले होते आणि चेहरा असा ठेवला होता की जणू त्यांना या विषयाशी काही घेणंदेणं नाही. तेवढ्यात बायकांतून माय उठली.

"मला एक बोलायचंय," ती म्हणाली. "नाचा, कोण नको म्हणतंय? पण आवाज आमच्या घरचा घ्या. फुकट घ्या. अन् डीजेचे पैसे सुजीच्या फीला द्या. पोरगी परीक्षेला बसली न्हाई तर वरीस जातंय तिचं."

आबा ताडकन उठले. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. "आपण घरी बोलू," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"घरी काय बोलायचं? पैसे हितं हायत," माय म्हणाली.

सगळं विहार हसलं. बबलू मात्र हसला नाही. "काकू, तुमचं खरं हाय. सुजाताक्कासाठी मी जीव देईन. पण भोंग्यावर पोलिओचा डोस पुकारतेत. त्यावर नाचायचं कसं?"

एवढं आबांना पुरलं. मुलीसाठी हात पसरायला जो माणूस तयार नव्हता, तो भोंग्याच्या अपमानानं पेटला. "बेस पायजे का रं तुला? बेस देतो. छातीत धडधडलं न्हाई तर नाव सांगणार न्हाई." गुरुजींनी लगेच बोट वर केलं. "किसन, शब्द गेला बरं का तोंडातून." असा सगळ्यांच्या साक्षीनं ठराव झाला आणि तो मायच्या मनासारखा झाला, हे घरी पोचल्यावर आबांच्या ध्यानात आलं.

मी नांदेडला परत गेले आणि रिपेरीच्या दुकानांतून फिरून जुने मोठे स्पीकर घेतले. हॉस्टेलच्या चादरीत गुंडाळून ते बसनं आणले. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय यात?" मी म्हटलं, "बेस." त्याला काही कळलं नाही, पण त्यानं सामानाचं तिकीट मात्र फाडलं नाही. घरी आल्यावर मी पुस्तकातून खोक्याची मापं काढली. लाकूड गुरुजींच्या जुन्या कपाटाचं मिळालं. आबा कापत होते, मी मोजत होते, बबलू खिळे ठोकत होता आणि प्रत्येक खिळ्याला "न्हाई वाजायचं हे" म्हणत होता. आबांनी हट्टानं खोक्यांच्या वर आपले भोंगे बांधले. मी म्हटलं गरज नाही. ते म्हणाले, "खाली तुझी विद्या ऱ्हाऊ दे. वर माझी." पहिल्यांदा लावलं तेव्हा शेजारच्या घरातल्या फळीवरची भांडी खाली आली. शेजारीण भांडायला आली आणि बबलू मधेच उभा राहून नाचायला लागला. मला आजवर मिळालेल्या सगळ्या गुणांपेक्षा ते नाचणं मला जास्त गोड वाटतं, आणि मी गुण काही कमी मिळवले नाहीत.

जयंतीच्या दिवशी मायनं दुपारपासून गव्हाची खीर रटरटत ठेवली होती. सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यात, वर निळ्या पताका. मिरवणूक दणक्यात झाली आणि सायंकाळी विहारासमोर कार्यक्रम सुरू झाला. पाहुणे म्हणून गुरुजींनी नेमकं बँकेच्या साहेबांना बोलावलं होतं. साहेब मंचावर हार घालून बसले होते. गुरुजी शेजारी. भाषणं झाल्यावर आबांनी माईक हातात घेतला आणि देणग्या पुकारायला लागले.

"आपल्या जयंती मंडळाकडून कुमारी सुजाता हिच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी डीजेची पूर्ण रक्कम! आभारी आहे!" मग पुन्हा एकदा, मागच्यांसाठी. टाळ्यांवर टाळ्या पडल्या. मग माणसं एकेक करून त्यांच्या कानाशी लागायला लागली. कुणी मेसच्या एका महिन्याचं दिलं, कुणी पुस्तकांचं. माळावर राहणाऱ्या एका आजीनं बस भाड्याचं दिलं. आजवर शेकडो लोकांची नावं मी माईकवरून घेतली होती, पण आपल्यासाठी नाव घेतलं जातं तेव्हा कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. मला लाज वाटली नाही. खरं सांगायचं तर मला भयंकर अभिमान वाटला आणि मी मान खाली घातली ती फक्त रीत म्हणून.

पुकार संपली असं वाटलं. आबांनी माईक खाली घेतला. मग त्यांनी मंचाकडं पाहिलं. ती नजर मी ओळखत होते. मांडवात घुटमळणाऱ्या पाहुण्याकडं ते तसंच पाहायचे. मी "आबा" म्हणेपर्यंत माईक परत तोंडाशी गेला होता.

"आणि औशाच्या बँकेचे मॅनेजर साहेब यांच्याकडून कुमारी सुजाता हिला पुढच्या तीन वर्षांचं कर्ज मंजूर! जामीनदार, आपले गुरुजी! आभारी आहे!"

मग अशा टाळ्या पडल्या की माझ्या खोक्यांनाही तसा आवाज काढता आला नसता. आबांनी दोन्ही नावं पुन्हा घेतली. साहेबांचा हात हाराशी गेला होता, तो तिथंच राहिला. गुरुजींनी बायकांत बसलेल्या काकूंकडं पाहिलं आणि झटकन नजर दुसरीकडं वळवली. बबलूनं तेवढ्यात गाणं लावलं आणि कुणाला काही बोलायची संधीच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडला फोन करून बाकी भरायला येते म्हणून कळवलं, भरून आले, पावती घेतली आणि दोन दिवसांनी आम्ही बँकेत गेलो. साहेबांनी आम्हाला बराच वेळ बाहेर बसवलं. मला खात्री होती की आबांनी हातचं घालवलं. आत गेल्यावर साहेब बसा म्हणाले नाहीत.

"किसनराव, बँक माईकवर कर्ज देत नसते. मला लोक रस्त्यात थांबवून अभिनंदन करताहेत. कुठल्या नियमात बसतं हे?"

आबा हात जोडून उभे होते. उत्तर मी दिलं. म्हटलं, "साहेब, आमच्याकडं पुकारलेलं नाव मागं घेता येत नाही. ज्याचं पुकारलं त्यानं दिलं नाही, तर पुकारणाऱ्यानं भरायचं असतं. आबांनी आजवर भरलंय."

साहेबांनी आबांकडं पाहिलं. "म्हणजे मी कर्ज दिलं नाही, तर तीन वर्षांची फी तुम्ही भरणार?"

"भरावीच लागल, साहेब. माईकवर बोललोय."

"कुठून भरणार?"

"ते आत्ता कुठं ठाव हाय," आबा म्हणाले. "पण भोंगे हायत, पेटी हाय, मी हाय. या पोरीला मी परत घरी बसवणार न्हाई, एवढं मात्र लिहून घ्या."

साहेब काही बोलणार तेवढ्यात दार ढकलून गुरुजी आत आले आणि त्यांच्या मागं काकू. गुरुजींच्या हातात पेन्शनची कागदं होती. त्यांचा चेहरा शाळेत छडी खायला आलेल्या पोरासारखा झाला होता. बोलल्या त्या काकूच. "साहेब, ह्यांची सही घ्या. जयंतीपासून बाया घरी येऊन माझ्या पाया पडायल्यात. म्हणतेत, मोठं मन हाय तुमच्या घरचं. आता मी काय न्हाई म्हणू का?" मग आबांकडं वळून म्हणाल्या, "अन् तुमी हो, पुढच्या वेळी पुकारायच्या आधी इचारत जा." साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना हसू आवरत नव्हतं. शेवटी त्यांनी शिपायाला चहा सांगितला आणि आम्हाला बसायला सांगितलं. कागद नियमाप्रमाणेच लातूरच्या मोठ्या ऑफिसला गेले, नियमाप्रमाणेच तपासले गेले आणि मी परीक्षा देऊन घरी आले तेव्हा मंजुरी आलेली होती. शिष्यवृत्तीही पुढं यथावकाश आली आणि तिच्यातून मंडळाची रक्कम मी परत केली. ती त्याच वर्षी दुसऱ्या एका मुलाच्या हॉल तिकिटाला गेली.

आज मोबाईलवर बोट फिरवलं की शिक्षणाच्या कर्जाच्या जाहिराती येतात. हसऱ्या चेहऱ्याची मुलगी, मागं काचेची इमारत. माझ्या हाताखालच्या तरुण अभियंत्यांनी असंच कर्ज काढलेलं असतं आणि ते कुणालाही न भेटता मिळालं म्हणून त्यांना समाधान असतं. मला त्यांची कीव येत नाही, सोय चांगलीच आहे. पण माझ्या कर्जाला एक सगळी वस्ती साक्षीला होती. कर्ज मिळाल्यावरच्या पहिल्या सेमिस्टरला एका विषयात कमी पडले तर बस स्टँडवर चहावाल्यानं विचारलं होतं, "काय गं, आमचं कर्ज हाय तुझ्यावर, अभ्यास करायलीस का न्हाई?" त्या धाकानं मी पुढं एकाही विषयात मागं राहिले नाही. आबांनी ते मुद्दाम पुकारलं की ओघात तोंडातून निघून गेलं, हे मी त्यांना पुष्कळदा विचारलं. "गेलं तोंडातून," एवढंच ते म्हणायचे आणि मिशीत हसायचे.

मायनं मात्र एक गोष्ट कधी सोडली नाही. "त्या दिवशी सगळ्यांचं नाव झालं," ती म्हणायची. "मंडळाचं झालं, बँकेचं झालं, भाड्याचे पैसे दिलेल्या आजीचं झालं. ज्यानं आवाज फुकट दिला, त्याचं झालं का?" आबा म्हणायचे, "आपलंच नाव आपण पुकारायचं का? लोक हसतील." खरंच, आयुष्यभर दुसऱ्यांची नावं दोनदा घेणाऱ्या माणसाचं नाव कुणी एकदाही माईकवर घेतलं नव्हतं. त्याचा धंदाच तसा होता.

नोकरी लागल्यावर मी हप्ते फेडत गेले. शेवटचा हप्ता भरला त्या वर्षी जयंतीला गावी आले. आबा थकले होते, घसा पार गेला होता, तरी मशीनपाशी खुर्ची टाकून बसले होते. गुरुजींनी मला मंचावर बोलावलं आणि पुकारायचं काम माझ्याकडं दिलं. मी वर्गणीदारांची नावं घेतली, प्रत्येक नाव दोनदा. सगळी संपल्यावर माईक खाली ठेवला नाही.

"आपल्या वस्तीचे किसन लिंबाजी कांबळे यांच्याकडून त्यांच्या मुलीचं अख्खं शिक्षण! आभारी आहे!"

बायकांतून मायनं पदर तोंडाला लावला. आबा खुर्चीवरून उठले. मला वाटलं, ते मला थांबवायला येतायत, हात हलवून नको म्हणतील. ते सावकाश मशीनपाशी वाकले, आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि बसलेल्या घशानं मला म्हणाले, "परत एकदा घे. मागं ऐकू गेलं नसल."